चौघांचं टेबल, एकच बिल

मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही मित्रमंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘या वेळी जरा चांगल्या ठिकाणी जाऊ’ असा निरोप पडला की पुढचे दोन दिवस रेस्टॉरंटांची नावं, फोटो आणि तारखा फिरत राहतात. माणशी किती खर्च सगळ्यांना झेपेल, कोण काय खात नाही, काय मिळून मागवायचं आणि बिलाची वाटणी कशी करायची, यावर मात्र सहसा कुणीच बोलत नाही. अशा जेवणाला माणशी दोन-तीन हजार रुपये सहज लागतात. मध्यमवर्गीय घरात ही रक्कम लहान नाही. एवढा खर्च करूनही मित्रांमध्ये अवघडलेपण येतं, तेव्हा त्याचं कारण क्वचितच स्वयंपाकात सापडतं. बहुतेक वेळा ते आधी बोलायच्या राहून गेलेल्या गोष्टींत असतं. म्हणून ठिकाण निवडण्यापासून बिल वाटण्यापर्यंतच्या या गोष्टी.

मेनू कोणत्या प्रकारचा आहे?

मिळून खाण्याच्या दृष्टीने पाहिलं तर महागड्या रेस्टॉरंटांचे दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात शेफने ठरवलेले पदार्थ, शेफने ठरवलेल्या क्रमाने, प्रत्येकाच्या पुढ्यात स्वतंत्रपणे येतात. याला टेस्टिंग मेनू म्हणतात. महालक्ष्मीला शक्ती मिल्सच्या गल्लीत २०१६ मध्ये सुरू झालेलं ‘मास्क’ हे त्याचं मुंबईतलं ठळक उदाहरण. अशा जेवणात लहान लहान पदार्थांची रांग लागते, भाव माणशी ठरलेला असतो आणि सगळं मिळून दोन-तीन तास जातात. मन लावून एकेक घास चाखणाऱ्यांसाठी हा सुंदर अनुभव आहे. पण चौघांतल्या एकालाही त्यात रस नसेल, तर त्याला भिडेखातर तिथे नेऊ नये. त्याने अर्धं जेवण टाकलं तरी त्याच्या वाट्याचे पैसे पूर्ण लागतात.

दुसऱ्या प्रकारात पदार्थ टेबलाच्या मध्ये ठेवले जातात आणि ज्याने त्याने वाढून घ्यायचं असतं. लोअर परळच्या कमला मिल्सच्या आवारात २०१५ मध्ये उघडलेल्या ‘द बॉम्बे कॅन्टीन’चं नाव इथे घ्यायला हवं. त्यामागे शेफ फ्लॉइड कार्डोझ यांची दृष्टी होती. मुंबईत जन्मलेल्या या माणसाने न्यूयॉर्कमध्ये ‘तब्ला’ हे रेस्टॉरंट गाजवलं होतं. मायदेशात येऊन त्यांनी वेगवेगळ्या प्रांतांतले पदार्थ आणि हंगामी भाज्या लहान-मोठ्या प्लेटांमधून वाढायला सुरुवात केली. २५ मार्च २०२० रोजी कोविडने त्यांचं निधन झालं. लहान प्लेटा, मिळून खाणं आणि आपल्याच मातीतला माल ही पद्धत आज पुण्या-गोव्याच्या नव्या रेस्टॉरंटांतही दिसते.

शाळेत आणि ऑफिसात आपली जी अंगतपंगत चालते, तिच्यासारखंच हे आहे. डबे मध्ये सरकतात, एकाची भाजी दुसऱ्याच्या पोळीवर जाते आणि गप्पा आपोआप पदार्थावर येतात. मित्रांसोबत जायचं असेल तर माझी पसंती निःसंशय या दुसऱ्या प्रकारालाच आहे.

पेशावरी: मिळून खाण्यासाठीच बांधलेला मेनू

मिळून खाणं किती खोलवर विचारपूर्वक रचता येतं, हे पाहायचं असेल तर ‘बुखारा’ आणि ‘पेशावरी’ पाहावीत. दिल्लीच्या आयटीसी मौर्य हॉटेलातलं ‘बुखारा’ सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं. त्याच धर्तीचं ‘पेशावरी’ मुंबईत अंधेरीला, सहार विमानतळाजवळच्या आयटीसी मराठा हॉटेलात आहे. जाडजूड लाकडी टेबलं, बुटकी बैठक, दगडी भिंती आणि काचेपलीकडे दिसणारे तंदूर असा थाट दोन्हीकडे आहे.

इथे काटे-चमचे मांडलेले नसतात. मागितले तर मिळतात. बसल्याबरोबर गळ्यात बांधायला चौकड्यांचा एप्रन देतात आणि हाताने जेवायचं असतं. या एका नियमाने टेबलावरचं वातावरण बदलतं. कोणता काटा कशासाठी, या धास्तीने आखडून बसलेला मित्रही सैल होतो. पंचतारांकित हॉटेलात पहिल्यांदाच आलेल्या माणसाला इतकं मोकळं करणारी दुसरी युक्ती मला माहीत नाही.

मेनू आखूड आहे आणि वर्षानुवर्षं त्यात फारसा बदल झालेला नाही. जवळजवळ सगळं तंदुरातलं. ‘सिकंदरी रान’ म्हणजे मुरवून भाजलेली अख्खी मांडी. ती एकट्याने संपवायची गोष्टच नाही. नान इतका मोठा असतो की टेबलावरच्या प्रत्येकाने हात लांबवून आपल्या बाजूचा तुकडा तोडायचा. आणि काळ्या उडदाची ती प्रसिद्ध दाल. उडीद, टोमॅटो, आलं, लसूण, लोणी, साय एवढाच तिचा सरंजाम. ती मंद निखाऱ्यांवर रात्रभर, सुमारे १८ तास शिजत राहते. घरच्या गॅसवर ही चव का येत नाही, याचं उत्तर त्या तासांत आहे. उडदाचा दाणा अख्खा दिसतो, पण जिभेवर ठेवताच विरघळतो.

चौघांसाठी इथला हिशेब सोपा आहे: एक रान किंवा दोन प्रकारचे कबाब, एक शाकाहारी तंदुरी पदार्थ, एक दाल आणि तो मोठा नान. प्रत्येकाने आपापली डिश मागवली तर अर्धं उरतं आणि बिल फुगतं. पेशावरीत जे उघड दिसतं, तेच इतर बहुतेक उत्तर हिंदुस्थानी, चिनी आणि मासळीच्या रेस्टॉरंटांना लागू आहे. तिथल्या डिशचं मापच दोघा-तिघांचं धरलेलं असतं.

बुकिंग

चालणारी रेस्टॉरंटं संध्याकाळी एकच टेबल दोनदा भरतात. पहिली पाळी साधारण सात-साडेसातची, दुसरी नऊ-साडेनऊची. पहिल्या पाळीचं टेबल घेतलं तर नऊच्या सुमारास उठण्याची विनंती होऊ शकते. गप्पांसाठी जमणाऱ्यांनी म्हणून दुसरी पाळी घ्यावी, किंवा शनिवार-रविवार सोडून आठवड्याच्या मधला वार निवडावा. त्या दिवशी टेबल लवकर मिळतं आणि ऑर्डर घेणाऱ्या कॅप्टनलाही तुमच्याशी बोलायला सवड असते.

तारीख ठरवताना पंचांगावर एक नजर टाकलेली बरी. श्रावणात निम्मा ग्रुप मांसाहार करत नाही. कुणाचा गुरुवार असतो, कुणाचा मंगळवार. संकष्टीला चंद्रोदय रात्री उशिरा होतो, त्यामुळे उपास करणारा मित्र साडेसातच्या टेबलावर नुसता बसून राहतो. हे बुकिंगआधी विचारायला दोन मिनिटं पुरतात.

सहा-आठ जणांपेक्षा जास्त असाल तर अनेक ठिकाणी ठरलेला मेनू घ्यायला सांगतात किंवा आगाऊ रक्कम मागतात. ती परत कधी मिळते आणि कधी नाही, हे आधीच विचारून घ्यावं. कुणाला शेंगदाणे, कोळंबी, दूध यांची अ‍ॅलर्जी असेल तर ती बुकिंगच्या वेळीच सांगावी आणि टेबलावर बसल्यावर कॅप्टनला पुन्हा सांगावी. माझ्या मते मित्रांसोबतच्या जेवणाला चार ते सहा माणसं उत्तम. त्याहून जास्त झाली की एका टेबलाची दोन टेबलं होतात आणि कडेला बसलेल्यांना मधली डिश पोचत नाही.

मागवायचं कसं

महागड्या रेस्टॉरंटमध्ये पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते पहिल्या पंधरा मिनिटांत. भूक लागलेली असते, मेनू नवा असतो, प्रत्येकजण एकेक नाव सांगतो आणि सात-आठ डिश लिहिल्या जातात. स्वयंपाकघरात ऑर्डर केओटी नावाच्या चिठ्ठीवर जाते. एकाच केओटीवर सगळं गेलं की सगळं जवळपास एकदमच तयार होतं. मग टेबलावर जागा उरत नाही, कबाब गार पडतात आणि दाल येईपर्यंत पोट भरलेलं असतं.

यावरचा उपाय म्हणजे ऑर्डर दोन-तीन हप्त्यांत देणं. चौघांनी आधी तीन स्टार्टर सांगावेत. ते खाऊन झाल्यावर भुकेचा अंदाज घेऊन दोन भाज्या किंवा रस्से आणि एक डाळ. रोट्या दोन-दोन करून गरम मागवाव्यात. बिर्याणी किंवा भात खरंच हवा असेल तरच, आणि शेवटी. चार गोड पदार्थांऐवजी दोन मागवून चार चमचे घ्यावेत. ‘एकेक करून आणा, घाई नाही’ हे वाक्य कॅप्टनला सुरुवातीलाच सांगितलं की पुढचं तो सांभाळतो.

सूप ‘वन बाय टू’ मागायला मोठ्या ठिकाणी संकोच वाटतो. वाटू नये. बहुतेक ठिकाणी ते स्वयंपाकघरातूनच दोन वाट्यांत भरून येतं. तसाच संकोच उरलेलं पार्सल मागताना होतो. साडेआठशे रुपयांची डाळ अर्धी टाकून उठण्यात कसलीही प्रतिष्ठा नाही. ज्याच्या घरी म्हातारी माणसं किंवा मुलं वाट पाहत असतील, त्याच्या हातात ते पार्सल द्यावं.

मासळीच्या रेस्टॉरंटांत एक गोष्ट खास जपावी लागते. फोर्टात काळा घोड्याजवळच्या ‘तृष्णा’चा लोणी, मिरी आणि लसणातला खेकडा नावाजलेला आहे, आणि तो चौघांनी मिळून फोडत खाण्यात मजा आहे. पण मुंबईत खेकडा, शेवंड, अख्खा पापलेट यांच्यासमोर मेनूत बहुधा आकडा नसतो, ‘एपीएस’ अशी तीन अक्षरं असतात. म्हणजे ‘अ‍ॅज पर साइज’: भाव मालाच्या आकारावर ठरतो. चांगल्या ठिकाणी खेकडा किंवा मासा टेबलाशी आणून दाखवतात. तेव्हाच ‘हा केवढ्याला पडेल?’ असं सरळ विचारावं आणि मगच हो म्हणावं. भाव विचारणारं गिऱ्हाईक कॅप्टनला नवं नसतं.

टेबलावर एकजण जरी शाकाहारी असेल, तरी त्याच्यासाठी कोपऱ्यात एक पनीर मागवून मोकळं होऊ नये. स्टार्टरपैकी एक आणि मुख्य जेवणातले दोन पदार्थ शाकाहारी असावेत, आणि ते सगळ्यांनी खावेत. प्रत्येक डिशसाठी वेगळा वाढायचा चमचा मागावा. आपल्या पिढीला उष्ट्याचं काही वाटत नसलं तरी ज्याला वाटतं त्याला ते टेबलावर बोलून दाखवायला लागू नये.

बसण्याआधी बाहेरची वाट

२९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिल्सच्या आवारातल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. मृतांमध्ये वाढदिवस साजरा करायला आलेली तरुण मंडळी होती. गच्चीवरच्या, तळघरातल्या किंवा जुन्या गिरणीत थाटलेल्या ठिकाणी शिरताना दुसरा दरवाजा कुठे आहे आणि तो उघडा आहे का, हे पाहून घ्यावं. वाटेत खुर्च्या किंवा खोकी रचलेली दिसली तर व्यवस्थापकाला सांगावं.

बिल वाचायला शिका

सुरुवात पाण्यापासून होते. वेटर ‘मिनरल की रेग्युलर?’ विचारतो, आणि बाटली छापील किमतीहून कितीतरी महाग असते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेल-रेस्टॉरंटांना तसं करायची मुभा दिली, कारण तिथे गिऱ्हाईक नुसती बाटली विकत घेत नाही, जागा आणि सेवाही घेतं. तेव्हा बाटली नको असेल तर ‘रेग्युलर’ म्हणावं.

जीएसटीचे दर दोन आहेत. स्वतंत्र रेस्टॉरंट कितीही महाग असलं तरी नोव्हेंबर २०१७ पासून तिथे जेवणावर ५ टक्के लागतो. बिलावर तो अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा असा दिसतो. पण आधीच्या आर्थिक वर्षात ज्या हॉटेलाने खोलीला दिवसाला ७,५०० रुपयांहून जास्त भाडं आकारलं असेल, त्याच्या आवारातल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के लागतो. म्हणजे सहा हजारांचं जेवण स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये ६,३०० रुपयांना पडतं आणि पंचतारांकित हॉटेलात ७,०८० रुपयांना. पेशावरीसारख्या ठिकाणी जाताना मेनूतल्या किमतीवर हा अठरा टक्क्यांचा भार मनात धरूनच बजेट ठरवावं. दारूवर जीएसटी नाही. तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. म्हणून जेवण आणि दारू यांचे हिशेब बिलावर वेगळे असतात. वाटणी करताना याचा उपयोग होतो.

आता सर्व्हिस चार्ज. हा सरकारी कर नाही. तो रेस्टॉरंट स्वतःसाठी लावतं, बहुतेक वेळा १० टक्के. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली. रेस्टॉरंटने तो बिलात आपोआप धरू नये, दुसऱ्या नावानेही घेऊ नये आणि तो न दिल्याबद्दल गिऱ्हाइकाला प्रवेश नाकारू नये, असं त्यात म्हटलं आहे. रेस्टॉरंटांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळून ही तत्त्वं कायम ठेवली. संघटनांनी पुढे अपील केलं.

पैशांत बोलायचं तर सहा हजारांवर १० टक्के म्हणजे सहाशे रुपये सर्व्हिस चार्ज. त्यावरही जीएसटी लागत असल्यामुळे स्वतंत्र रेस्टॉरंटचं बिल ६,३०० ऐवजी ६,९३० होतं. तो द्यायचा नसेल तर ‘सर्व्हिस चार्ज काढून बिल द्या’ एवढं शांतपणे सांगावं. आवाज चढवायची गरज नाही. बहुतेक ठिकाणी लगेच नवं बिल येतं. नाहीच काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मेनूतला भाव पाहून ‘यात कच्चा माल कितीचा?’ असा प्रश्न पडतोच. धंद्यातला ढोबळ हिशेब असा की विक्रीच्या किमतीचा साधारण तिसरा हिस्सा शिधा-सामानाचा असतो. उरलेल्यात जागेचं भाडं, पगार, वीज-गॅस, परवाने आणि नफा येतो. लोअर परळ किंवा वांद्र्याच्या जागेचं भाडं आपल्या ताटातल्या घासागणिक वसूल होत असतं. हे समजलं की मित्राच्या आग्रहाने गेलेल्या महागड्या ठिकाणीही चरफड होत नाही.

टिप

सर्व्हिस चार्ज काढायला लावला असेल तर टिप विसरू नये. ज्याने साडेतीन तास पाणी भरलं, गरम रोट्या आणल्या आणि न सांगता ताटं बदलली, त्याचा यात दोष नसतो. अनेक ठिकाणी टिप एकत्र जमा होऊन वाटली जाते, तरी रोख देऊन नावानिशी आभार मानले की त्या माणसापर्यंत ते पोचतात. सर्व्हिस चार्ज भरला असेल तर वर टिप देण्याचं बंधन नाही.

वाटणी

‘टीटीएमएम’, म्हणजे तू तुझं मी माझं, हा कॉलेजातला नियम आपापली डिश मागवणाऱ्यांसाठी ठीक आहे. मध्ये ठेवून खाल्लेल्या पदार्थांची अशी वाटणी करायला गेलं की कबाबाचे तुकडे मोजावे लागतात, आणि ते कुणालाच शोभत नाही. मला योग्य वाटते ती रीत अशी: जेवण सगळ्यांत सारखं वाटावं आणि दारू फक्त पिणाऱ्यांनी आपसात वाटावी. न पिणाऱ्याच्या माथी दुसऱ्याच्या पेल्यांचे पैसे मारणं हा अन्याय आहे, आणि तो बहुतेक ग्रुपमध्ये वर्षानुवर्षं चालतो. न पिणारा बोलत नाही, म्हणून त्याला चालतं असं धरू नये. खेकड्यासारखी एखादी महाग डिश दोघांनीच खाल्ली असेल, तर त्या दोघांनी आपणहून तिचे पैसे वेगळे काढावेत.

बिल एकाने भरावं आणि बाकीच्यांनी तिथेच, उठायच्या आत यूपीआयने पैसे पाठवावेत. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर आठवण करून देण्याची वेळ भरणाऱ्यावर आली की त्याची पुढच्या वेळी पुढे होण्याची इच्छा जाते. कार्डावर किंवा अ‍ॅपवर सूट मिळाली असेल तर ती एकूण बिलातून वजा करून मगच वाटणी करावी.

आणि सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे मित्रांच्या मिळकती सारख्या नसतात. पंचवीस वर्षांपूर्वी एकाच बाकावर बसलेल्या चौघांपैकी एकजण आज कंपनीचा संचालक असतो, एकाच्या घरी आजारपण असतं, एकाची नोकरी नुकतीच गेलेली असते. त्या मित्राला ग्रुपवर सगळ्यांसमोर ‘चालेल ना?’ असं विचारलं तर तो हो म्हणतो आणि ऐन वेळी ताप येतो. ठिकाण सुचवणाऱ्याने आधी त्याच्याशी एकट्याशी बोलावं, किंवा आकडा आपणच आधी ग्रुपवर टाकावा: ‘माणशी दोन हजारांच्या आत बसेल असं शोधतोय.’ आकडा समोर आला की ज्याला जमत नाही त्याला कारण न देता दुसरं नाव सुचवता येतं. ज्याची ऐपत जास्त आहे त्याने ‘आज माझ्याकडून’ म्हणायचं असेल तर ते बिल आल्यावर म्हणू नये, बोलावतानाच सांगावं. म्हणजे बाकीचे मोकळ्या मनाने येतात आणि मागवतानाही भान ठेवतात.

यावर आपल्या बायकांनी फार पूर्वी एक चोख व्यवस्था शोधून ठेवली आहे: भिशी. दरमहा ठरलेली रक्कम जमा होते, ती कुणाच्या अंगावर येत नाही, आणि त्यातून बाहेरचं जेवण होतं तेव्हा टेबलावर पाकीट कुणालाच काढावं लागत नाही. पुरुषांच्या ग्रुपनीही ती उचलावी. चौघांनी दरमहा पाचशे रुपये बाजूला टाकले तर सहा महिन्यांत बारा हजार जमतात. तेवढ्यात मुंबईतल्या बहुतेक चांगल्या रेस्टॉरंटांत दारू वगळून चौघांचं पोटभर जेवण करासकट आणि टिपेसकट होतं.